चार्ल्स बॅबेज : एका राहिलेल्या सबमिशनची गोष्ट

कॉम्प्युटरचा जनक कोण? चार पर्याय, एक मार्क. शाळेतल्या स्कॉलरशिपपासून एमपीएससीच्या गाइडपर्यंत हा प्रश्न आपली पाठ सोडत नाही, आणि आपणही झोपेतसुद्धा चार्ल्स बॅबेज असं उत्तर देऊन मोकळे होतो. पण मित्रांनो, या जनकाने उभ्या आयुष्यात एकही कॉम्प्युटर पूर्ण केला नाही, हे त्या गाइडमध्ये कुठेच लिहिलेलं नसतं. तीन मोठी यंत्रं डोक्यात, शेकडो ड्रॉइंग शीट्स कपाटात, सरकारचे सतरा हजार पौंड खर्च झालेले आणि हातात काय, तर टेबलावर मावेल एवढा एक तुकडा! आपल्या भाषेत सांगायचं तर या माणसाचं सबमिशन राहिलं ते राहिलंच.

मी स्वतः पक्का गॅजेटवेडा. वस्तू हातात आली की आधी तिचे स्क्रू कुठे आहेत ते बघणाऱ्या जमातीतला. बॅबेज याच जमातीचा मूळपुरुष. २६ डिसेंबर १७९१ रोजी लंडनमध्ये एका श्रीमंत बँकरच्या घरी त्याचा जन्म झाला. नवीन खेळणं मिळालं की याच्या आत काय आहे, हा त्याचा पहिला प्रश्न असायचा. उत्तराने समाधान झालं नाही की खेळण्याचं ऑपरेशन ठरलेलं. लहानपणी आई त्याला मर्लिन नावाच्या कारागिराच्या यांत्रिक बाहुल्या बघायला घेऊन गेली. मर्लिनने या पोराची उत्सुकता ओळखली आणि त्याला वरच्या माळ्यावरच्या कारखान्यात नेलं. तिथे चांदीच्या दोन छोट्या पुतळ्या होत्या. त्यातली एक नर्तकी, हातावर पक्षी घेतलेली. ती नर्तकी बॅबेजच्या डोक्यातून कधीच गेली नाही. ती पुढे आपल्याला पुन्हा भेटणार आहे.

१८१० साली तो केंब्रिजला ट्रिनिटी कॉलेजात दाखल झाला. गणित आधीच घरी वाचून संपवलेलं, त्यामुळे शिकवणाऱ्यांपेक्षा आपल्यालाच जास्त येतं हे त्याच्या पहिल्या काही दिवसांतच लक्षात आलं. (असे नग प्रत्येक बॅचला एक-दोन असतातच.) तेव्हा इंग्लंडमध्ये कॅल्क्युलस म्हणजे न्यूटनचं, अक्षराच्या डोक्यावर टिंब देण्याची पद्धत. युरोपात मात्र लायब्निझची पद्धत रूढ होऊन गणित कितीतरी पुढे गेलं होतं. बॅबेज, जॉन हर्शेल आणि जॉर्ज पीकॉक या तीन मित्रांनी १८१२ मध्ये ॲनॅलिटिकल सोसायटी काढली आणि लायब्निझची पद्धत इंग्लंडमध्ये आणायचा चंगच बांधला. एम-वन, एम-टूच्या पेपरात आपण जे डीवाय बाय डीएक्स लिहितो, ते इंग्लंडच्या कॉलेजांत रुजवण्यात या पोरांचा मोठा हात होता. म्हणजे आपल्या केटीला तेही थोडे जबाबदार आहेतच!

आता मुख्य गोष्टीकडे येतो. बारावीपर्यंत आपण लॉग टेबलची ती पातळ पुस्तकं वापरली. त्या काळात अशी कोष्टकं हीच कॅल्क्युलेटरची जागा घ्यायची. जहाजाचा कप्तान, खगोलशास्त्रज्ञ, विमा कंपनी, सर्व्हेअर, सगळ्यांचं काम कोष्टकांवर चालायचं. ही कोष्टकं माणसं हाताने करत, आणि अशा माणसांच्या हुद्द्याचं नाव होतं कॉम्प्युटर! माणूस म्हटला की चुका आल्या. आकडेमोड करताना चूक, नक्कल करताना चूक, छापखान्यात खिळे जुळवताना चूक. आणि समुद्रावर एक आकडा चुकला तर जहाज खडकावर. १८२१ मध्ये बॅबेज आणि हर्शेल अशीच खगोलशास्त्राची दोन वेगवेगळ्या लोकांकडून करून घेतलेली गणितं ताडून बघत होते. चुकांमागून चुका सापडत गेल्या. वैतागलेल्या बॅबेजच्या मनात आलं की ही गणितं वाफेच्या इंजिनाने का करू नयेत? आपण असल्या गोष्टी सबमिशनच्या रात्री वैतागून बोलतो आणि सकाळी विसरतो. बॅबेज पुढची पन्नास वर्षं विसरला नाही.

त्याच्या पहिल्या यंत्राचं नाव डिफरन्स इंजिन. नाव भारदस्त असलं तरी युक्ती आठवीतल्या मुलालाही समजेल अशी आहे. ०, १, २, ३, ४ या संख्या घ्या. प्रत्येकीच्या वर्गात ती संख्या आणि ४१ मिळवा. उत्तरं येतात ४१, ४३, ४७, ५३, ६१. आता लागोपाठच्या उत्तरांमधला फरक काढा : २, ४, ६, ८. या फरकांमधला फरक काढा : २, २, २. झालं! आता पुढचं उत्तर काढायला गुणाकार लागतच नाही. ८ मध्ये २ मिळवले की १०, ६१ मध्ये १० मिळवले की ७१. पाचचा वर्ग २५, अधिक ५, अधिक ४१, बरोबर ७१. कुठलीही बहुपदी अशी नुसत्या बेरजांनी पुढे ढकलता येते, आणि लॉग किंवा साइनसारखी फंक्शन्ससुद्धा थोड्या थोड्या अंतरापुरती बहुपदीने गाठता येतात. म्हणजे यंत्राला फक्त बेरीज आणि हातचा जमला की काम फत्ते. दात असलेली चाकं, प्रत्येक चाकावर शून्य ते नऊ, आणि शेवटी उत्तर सरळ छपाईच्या साच्यात उमटणार. मधे माणसाचा हातच नाही. छपाईचा भाग बॅबेजने शोभेसाठी जोडलेला नव्हता, चुकांचं मूळ तिथेही होतं हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

१८२२ मध्ये त्याने एक छोटं मॉडेल करून दाखवलं. लोक खूष. १८२३ मध्ये ब्रिटिश सरकारने १५०० पौंड दिले. काम करायला जोसेफ क्लेमंट हा लंडनमधल्या उत्तम कारागिरांपैकी एक मिळाला. पूर्ण यंत्राला सुमारे २५,००० भाग लागणार होते. आपण एफईला वर्कशॉपमध्ये फिटिंगचा जॉब करतो. एक चौकोनी तुकडा काटकोनात यायला कानस घासून घासून तळहाताला फोड येतात. आता हुबेहूब एकसारखी शेकडो चाकं, आणि तीही अशा काळात की स्क्रूच्या आट्यांनासुद्धा काही स्टँडर्ड नव्हतं, प्रत्येक वर्कशॉपचे आटे वेगळे. क्लेमंटला आधी हे भाग बनवायची हत्यारं बनवावी लागली.

मेकॅनिकलवाल्यांनी इथे कान टवकारावेत. क्लेमंटच्या त्या वर्कशॉपमध्ये एक तरुण कारागीर कामाला होता, जोसेफ व्हिटवर्थ. होय, तोच! थिअरी ऑफ मशीन्समध्ये ज्याचं क्विक रिटर्न मेकॅनिझम काढताना आपला अर्धा तास जातो तो. बॅबेजच्या यंत्राच्या कामावर हात बसलेल्या या माणसाने पुढे १८४१ मध्ये स्क्रूच्या आट्यांचं स्टँडर्ड मांडलं, तेच ब्रिटिश स्टँडर्ड व्हिटवर्थ. यंत्र पूर्ण झालं नाही, पण ते बनवता बनवता बनवणारी माणसं तयार झाली. सरकारच्या हिशोबाच्या वहीत ही जमेची बाजू कोणी मांडली नाही.

बॅबेजच्या घरात मात्र याच काळात फार वाईट घडलं. १८२७ या एकाच वर्षात त्याचे वडील, बायको जॉर्जियाना आणि दोन मुलं गेली. आठ मुलांपैकी फक्त तीन मुलगे मोठे झाले. पस्तिशीतला हा माणूस कोसळला आणि मित्रांच्या आग्रहावरून युरोपात भटकायला निघून गेला. परत आला तो आधीचा हसराखेळता बॅबेज राहिला नव्हता असं म्हणतात. पुढच्या आयुष्यातला त्याचा कडवटपणा, भांडणं, हे सगळं वाचताना मला हे वर्ष विसरता येत नाही.

वडिलांची मोठी इस्टेट त्याला मिळाली आणि त्यातलाही बराच पैसा यंत्रात गेला. १८३२ मध्ये क्लेमंटने सुमारे दोन हजार भागांचा एक तुकडा जोडून दिला. तो अगदी सुरळीत चालायचा. बॅबेज त्याच्या घरच्या शनिवारच्या पार्ट्यांत तो पाहुण्यांना चालवून दाखवी. या पार्ट्यांना डार्विन, डिकन्स, ड्यूक ऑफ वेलिंग्टन अशी मंडळी येत. आणि त्याच दिवाणखान्यात कोण होतं माहीत आहे? ती चांदीची नर्तकी! १८३४ मध्ये लिलावात ती बॅबेजने ३५ पौंडांना विकत घेतली, स्वतः दुरुस्त केली, तिला कपडे शिवून घेतले आणि काचेच्या पेटीत उभी केली. शेजारच्या खोलीत जगातलं सगळ्यात प्रगत गणिती यंत्र. आणि गर्दी कुठे? नर्तकीभोवती! ही खंत त्याने आपल्या आत्मचरित्रातही लिहून ठेवली. यात मला नवल वाटत नाही. आपल्या हॉस्टेलवर ज्याच्याकडे भारी प्रोसेसरचा पीसी असतो त्याच्या रूमवर गर्दी होते ती काही प्रोसेसर बघायला नाही, पिक्चर बघायला. करमणूक आणि गणित एका घरात राहायला आले की भाडं नेहमी करमणूकच भरते. आजच्या गेम्समुळे ग्राफिक्स कार्ड स्वस्त आणि ताकदवान झाली आणि मग त्याच कार्डांवर संशोधन चालू लागलं, हे बॅबेजला कळलं असतं तर तो चिडला असता की हसला असता, सांगता येत नाही.

त्याला स्वतःलाही हे गणित पुढे सुचलंच. यंत्रासाठी पैसा उभा करायचा म्हणून त्याने फुल्ली-गोळा खेळणारं यंत्र बनवायचा बेत केला. गावोगावी खेळ लावायचे, तिकीट लावायचं, त्या पैशातून मोठं यंत्र बांधायचं. गेमिंग कंपनी काढून सुपरकॉम्प्युटर बांधण्यासारखीच ही आयडिया! पण चौकशी केल्यावर कळलं की लंडनमध्ये असल्या यंत्रांचे खेळ तोट्यात जात होते आणि लोक जनरल टॉम थम्ब नावाच्या बुटक्या कलाकाराला बघायला धावत होते. बॅबेजने हिशोब मांडला आणि नाद सोडला.

आपण पुन्हा १८३३ कडे येऊ, कारण खरा घोळ तिथे झाला. वर्कशॉप होतं थेम्सच्या पलीकडे आणि बॅबेज राहायचा डॉर्सेट स्ट्रीटला. जाण्या-येण्यात वेळ जातो म्हणून सरकारी खर्चाने त्याच्या घराजवळ आग-प्रतिबंधक इमारत बांधली गेली. क्लेमंटने तिथे यायचे वेगळे पैसे मागितले, बॅबेजने नाही म्हटलं, आधीच्या बिलांवरून कटकट होतीच. क्लेमंटने काम थांबवलं आणि माणसं काढून टाकली. वर आणखी गंमत म्हणजे त्या काळच्या रिवाजाप्रमाणे कामासाठी बनवलेली खास हत्यारं कारागिराच्या मालकीची! पैसे सरकारचे, डिझाइन बॅबेजचं आणि हत्यारं क्लेमंटची. आज सॉफ्टवेअर कंपनी आणि क्लायंट यांच्यात सोर्स कोड कोणाचा यावरून जी भांडणं लागतात, ती अशी जुनी आहेत. त्यानंतर पहिल्या डिफरन्स इंजिनाचं काम पुन्हा सुरू झालं नाही. सुमारे बारा हजार भाग तयार होते, त्यातले बहुतेक नंतर भंगारात वितळले.

पण खरं सांगायचं तर केवळ क्लेमंटला दोष देऊन चालणार नाही. कारण १८३४ मध्ये बॅबेजला त्याहून मोठी कल्पना सुचली, ॲनॅलिटिकल इंजिन. हे म्हणजे आपल्या अर्थाने खरंखुरं कॉम्प्युटर. आकडे साठवायला स्टोअर, प्रक्रिया करायला मिल, म्हणजे आपली मेमरी आणि सीपीयू. एका आराखड्यात पन्नास अंकी एक हजार संख्या साठवायची सोय होती. सूचना द्यायला पंच कार्ड. ही कार्ड त्याने फ्रान्समधल्या जॅकार्डच्या मागावरून उचलली. या मागावर रेशमात कुठली नक्षी विणायची ते भोकं पाडलेली कार्डं ठरवत. उत्तर कसं येतं त्यावरून पुढे कुठे जायचं ते यंत्राने ठरवायचं, म्हणजे आपलं इफ-एल्स. तीच सूचना पुन्हा पुन्हा चालवायची, म्हणजे लूप. आणि हातच्याचा प्रश्न! ९९९९९९ मध्ये १ मिळवला की हातचा एकेक घर करत शेवटपर्यंत जायला वेळ लागतो. बॅबेजने सगळे हातचे आधीच ओळखून एकदम पुढे सरकवायची रचना काढली. डिजिटल इलेक्ट्रॉनिक्समध्ये आपण जो कॅरी लुक अहेड ॲडर शिकतो, त्यामागची कल्पना हीच. फक्त त्याच्याकडे गेट नव्हते, पितळ होतं.

हे यंत्र काय करू शकेल हे बॅबेजपेक्षा लांबचं पाहिलं ते एडा लव्हलेसने. कवी बायरनची ही मुलगी सतरा वर्षांची असताना, १८३३ मध्ये, तिची बॅबेजशी ओळख झाली. पाहुणे यंत्राकडे गंमत म्हणून बघत तेव्हा ही पोरगी ते कसं चालतं ते समजून घेत होती. मेनाब्रेआ या इटालियन इंजिनिअरने ॲनॅलिटिकल इंजिनवर १८४२ मध्ये फ्रेंचमध्ये लेख लिहिला. एडाने त्याचं १८४३ मध्ये इंग्रजी भाषांतर केलं आणि त्याला मूळ लेखाच्या जवळजवळ तिप्पट लांबीच्या टिपा जोडल्या. त्यात बर्नुली संख्या यंत्राकडून कशा काढून घ्यायच्या याचा टप्प्याटप्प्याचा तक्ता आहे. शिवाय तिने असंही मांडलं की सुरांमधले संबंध जर आकड्यांच्या भाषेत बसवता आले तर हे यंत्र संगीतसुद्धा रचू शकेल. आज आपल्या मोबाईलमधलं प्रत्येक गाणं म्हणजे आकड्यांची रांगच आहे, पण १८४३ मध्ये, पितळी चाकांकडे बघून हे सुचणं म्हणजे कमाल झाली. बॅबेजला त्या प्रकाशनात सरकारवरची आपली टीका घुसवायची होती. एडाने ठाम नकार दिला. त्या दोघांत शहाणं कोण होतं ते यावरून समजतं. एडा १८५२ मध्ये अवघ्या छत्तिसाव्या वर्षी गेली.

आता सरकारच्या जागी बसून बघा. एका माणसाला दहा वर्षं पैसे दिले. सतरा हजार पौंडांच्या वर गेले. त्याच काळात स्टीफन्सनच्या कारखान्यातलं जॉन बुल हे अख्खं रेल्वे इंजिन आठशे पौंडांच्या आत मिळत होतं. आणि हा माणूस येऊन सांगतो की पहिलं यंत्र अजून झालेलं नाही, पण मला त्याहून चांगलं यंत्र सुचलं आहे, तर आता काय करायचं ते तुम्ही सांगा. त्याच्या दृष्टीने तो प्रामाणिकपणा होता. समोरच्याला मात्र एवढंच ऐकू आलं की जुन्यावर घातलेला पैसा वाया गेला. गाइड असता तर म्हणाला असता, बाबा रे, आधी हे दाखव, मग ते काढ! सरकारने आठ वर्षं निर्णयच दिला नाही. शेवटी १८४२ मध्ये राजज्योतिषी जॉर्ज एअरी यांचं मत विचारलं, त्यांनी यंत्र निरुपयोगी ठरवलं आणि पंतप्रधान रॉबर्ट पील यांच्या सरकारने प्रकल्प बंद केला. बॅबेज पीलना स्वतः जाऊन भेटला, पण आपल्यावर झालेल्या अन्यायाचा पाढा वाचून आणि भांडून परत आला. ओरलला एक्स्टर्नलशी वाद घालून कोणाचे मार्क वाढलेले मी तरी पाहिले नाहीत.

या सगळ्यात तो घरी नुसता कुढत बसला होता असं मात्र समजू नका. १८३२ मध्ये त्याने कारखाने फिरून फिरून यंत्रं आणि उत्पादनाच्या अर्थशास्त्रावर पुस्तक लिहिलं, ते प्रचंड खपलं. ग्रेट वेस्टर्न रेल्वेच्या डब्यात कागदाची लांबलचक गुंडाळी आणि पेनं बसवून त्याने धावत्या गाडीचे हादरे नोंदवले. डोळ्याच्या आत बघायचं उपकरण त्याने १८४७ मध्ये बनवून एका डॉक्टरला दाखवलं, डॉक्टरला त्याचा उपयोग कळला नाही आणि १८५१ मध्ये हेल्महोल्ट्झने स्वतंत्रपणे तेच करून नाव कमावलं. अभेद्य समजलं जाणारं व्हिज्नेअरचं सांकेतिक लेखन त्याने १८५४ च्या सुमारास फोडलं, पण छापलं नाही. श्रेय १८६३ मध्ये कासिस्कीला गेलं. बघा, सवय तीच. सुचलं, झालं, पुढे चला.

आकड्यांचं वेड तर इतकं की कारखान्याच्या ४६४ फुटलेल्या काचा का फुटल्या याचा त्याने १८५७ मध्ये तक्ता छापला. त्यातल्या १४ काचांना दारुडे पुरुष, बायका किंवा पोरं जबाबदार होती! (आपल्या रेक्टर सरांनी हा तक्ता हॉस्टेलसाठी करू नये ही नम्र विनंती.) आणि रस्त्यावरच्या वाजंत्र्यांशी त्याचं युद्ध जगप्रसिद्ध. पीएलमध्ये शेजारच्या रूममधले स्पीकर सुरू झाले की आपलं जे होतं तेच त्याचं व्हायचं. आपल्या कामात १६५ वेळा व्यत्यय आला, अशी त्याने नोंद ठेवली. चळवळ केली आणि १८६४ मध्ये त्यावर कायदाही झाला. शेजारी मग चिडून मुद्दाम त्याच्या खिडकीखाली बँड वाजवायला लावत.

१८४७ ते १८४९ या काळात, ॲनॅलिटिकल इंजिनमध्ये शिकलेलं सगळं वापरून, त्याने डिफरन्स इंजिन नंबर २ चं डिझाइन केलं. ३१ अंकी गणित, छपाईसकट सुमारे आठ हजार भाग, म्हणजे पहिल्याच्या एक तृतीयांश. १८५२ मध्ये ही ड्रॉइंग्ज त्याने सरकारला देऊ केली. सरकारने नाही म्हटलं. ड्रॉइंग्ज कपाटात गेली.

आणि आता सगळ्यात मजेशीर भाग. १८३४ मध्ये डिफरन्स इंजिनवरचा एक लेख स्वीडनमधल्या गेऑर्ग शॉइट्झ नावाच्या छापखानेवाल्याने वाचला. त्याने आणि त्याच्या एडवर्ड या मुलाने आधी बराचसा लाकडी असा एक नमुना घरीच बनवला, मग १८५३ मध्ये छापणारं पूर्ण यंत्र तयार केलं. बॅबेजच्या मानाने साधं, १५ अंकी, ओबडधोबड. पण चालणारं! १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनात त्याला सुवर्णपदक मिळालं, १८५७ मध्ये अमेरिकेत ऑल्बनीच्या वेधशाळेने ते विकत घेतलं. जगाशी भांडणारा बॅबेज इथे काय करेल असं वाटतं? त्याने बापलेकाचं मनापासून कौतुक केलं आणि त्यांना सन्मान मिळावा म्हणून प्रयत्न केले. या एका गोष्टीसाठी मी त्याची बाकी सगळी भांडणं माफ करायला तयार आहे.

१८ ऑक्टोबर १८७१ रोजी बॅबेज डॉर्सेट स्ट्रीटच्या घरीच वारला. त्याचा मुलगा हेन्री ईस्ट इंडिया कंपनीच्या बंगाल सैन्यात अधिकारी होता, आयुष्याची बरीच वर्षं त्याने हिंदुस्थानात काढली. वडिलांची ड्रॉइंग्ज आणि उरलेले भाग त्याच्याकडे आले. निवृत्तीनंतर त्याने उरलेल्या चाकांतून छोटे छोटे तुकडे जोडले आणि त्यातला एक अमेरिकेत हार्वर्डला पाठवला. तिथे १९३० च्या दशकात तो हॉवर्ड एकेनच्या नजरेस पडला. याच एकेनच्या कल्पनेतून आयबीएमने बांधलेलं हार्वर्ड मार्क वन १९४४ मध्ये सुरू झालं. आणि इतक्या वर्षांनी झालेल्या त्या यंत्रात सुरुवातीला इफ-एल्सची सोय नव्हती, जी बॅबेजच्या कागदावर होती!

बॅबेजच्या काळात एवढं अचूक मशीनिंग शक्यच नव्हतं, म्हणून यंत्र झालं नाही, असं आपण सगळीकडे वाचतो. याची परीक्षा लंडनच्या सायन्स म्युझियमने घेतली. डोरन स्वेड यांच्या नेतृत्वाखाली त्यांनी नंबर २ ची जुनी ड्रॉइंग्ज काढली आणि यंत्र बांधायला घेतलं. अट अशी की अचूकता बॅबेजच्या काळात मिळत होती त्यापेक्षा जास्त वापरायची नाही. ड्रॉइंगमधल्या थोड्याफार चुका दुरुस्त कराव्या लागल्या. नोव्हेंबर १९९१ मध्ये, त्याच्या दोनशेव्या वाढदिवसाच्या महिनाभर आधी, चार हजार भागांच्या त्या यंत्राने सातव्या घाताचं कोष्टक बिनचूक काढून दाखवलं. २००२ मध्ये छपाईचा भागही जोडून झाला. पाच टनांचं धूड, हँडल फिरवलं की चाकांची लाट उठते आणि उत्तर छापून बाहेर येतं. १८४९ चं डिझाइन, सबमिशन २००२ ला. दीडशे वर्षांहून जास्त लेट, पण फुल मार्क!

म्हणजे डिझाइन बरोबर होतं आणि अचूकताही त्या काळात मिळू शकत होती. नडलं ते बाकीचं. पैशाचा हिशोब, कारागिराशी संबंध, अर्धवट काम बाजूला ठेवून नव्या कामाला हात घालायचा मोह. आपल्याला हे विषय कुठल्याच सेमिस्टरला नाहीत, किंवा असले तरी आपण ते आदल्या रात्री वाचतो. पण यावरून बॅबेज नापास झाला असं मी म्हणणार नाही. कारण त्याने एक गोष्ट केली जी आपल्यातले फार थोडे करतात. दुसऱ्या कुणालाही आपल्याशिवाय यंत्र बांधता येईल इतकी पूर्ण ड्रॉइंग्ज त्याने मागे ठेवली. १९८५ नंतर ती ज्यांनी वाचली त्यांना शंका विचारायला बॅबेज नव्हता. कागद पुरेसा होता.

आपल्या डिपार्टमेंट लायब्ररीतलं प्रोजेक्ट रिपोर्टचं कपाट एकदा उघडून बघा. काळं कव्हर, सोनेरी अक्षरं, आत चार पानं आभार आणि दहा पानं फ्यूचर स्कोप. प्रोजेक्ट खरोखर कुठपर्यंत आला, कुठे अडला, कुठला भाग चालला नाही, हे त्या रिपोर्टवरून कळत नाही. म्हणून पुढच्या बॅचला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात, नाहीतर बाजारातला रेडीमेड प्रोजेक्ट. म्हणून सर्व सरांना आणि एचओडींना माझी एक विनंती आहे. रिपोर्टमध्ये काय अडलं याचं एक प्रकरण सक्तीचं करा. आणि फायनल इयरच्या एखाद्या ग्रुपने सीनियर्सचा अर्धवट राहिलेला प्रोजेक्ट पूर्ण करायचं ठरवलं तर त्याला नवीन कल्पना नाही म्हणून मार्क कापू नका. शॉइट्झ बापलेकाची कल्पनाही नवीन नव्हती. त्यांनी फक्त ती पूर्ण केली, आणि ज्याची होती त्यालाच त्याचा सगळ्यात जास्त आनंद झाला.